पाणी टेलला पोहोचेपर्यंत

“इंदे, नवरा तिरळा हाये का गं?”

डोक्यावर पडलेल्या अक्षता अजून मानेवरून खाली शालूत घसरत होत्या, वाजंत्रीवाल्यांनी कान किटवले होते, आणि माझी सगुणा मावशी हार नीट करायच्या निमित्तानं माझ्या कानाशी लागून हे विचारत होती.

“काहीतरीच काय!” मी ओठ न हलवता म्हटलं.

“मग तुझ्याकडं का बघंना? अंतरपाट खाली आला, तू एवढी नटूनथटून समोर उभी, आन हा बाबा तुझ्या खांद्यावरून पलीकडं बघतोय. मी मघापासून ध्यान ठेवून हाये. एक डोळा तरी फिरलेलाच हाये.”

मी चोरून पाहिलं. मावशीचं खोटं नव्हतं. माझा नवरा निवृत्ती (तेव्हा नाव घ्यायची लाज वाटायची, आता वाटत नाही) माझ्या मागं, मांडवाच्या पार पलीकडं कुठंतरी नजर लावून उभे होते. हारसुद्धा त्यांनी अंदाजानंच घातला होता. त्याची एक बाजू माझ्या कानातल्या झुब्यात अडकली होती आणि मावशी तीच सोडवत होती.

“बघायला आले होते तेव्हा सरळ होते की डोळे,” मी पुटपुटले.

“तेव्हा खाली मान घालून बसला होता. मला तेव्हाच शंका आली होती,” मावशी म्हणाली आणि हार सोडवून खाली उतरली. उतरताना तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू माझ्या नशिबाचा शेवटचा धागाही तिनंच सोडवला होता.

ही गोष्ट खेड्यात मोबाईल यायच्या आधीची. मोबाईल असता तर हे लग्न असं झालंच नसतं.

माझं माहेर वरखेड. कालव्यातून आमच्या भागाची चारी जिथं फुटते, तिच्या अगदी तोंडाशी. तिथून ती माळामाळानं वळणं घेत खाली जायची आणि तळवाडीला, म्हणजे माझ्या सासरी, संपायची. पाण्याच्या भाषेत आम्ही हेडचे आणि तळवाडीची माणसं टेलची. धरणातून आवर्तन सुटलं की पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग एकेक शेत भिजवत वर हेडला आणायचं, असा सरकारी नियम होता. हा नियम आमच्या गावात सगळ्यांना पाठ होता आणि कुणीही पाळत नव्हतं. पाणी आधी आमच्या दारावरून जायचं. दारावरून जाणाऱ्या परक्या माणसाला तात्या चहा पाजल्याशिवाय सोडत नसत, मग पाण्याला कुठून सोडणार?

तात्या म्हणजे माझे वडील, सर्जेराव ढोकणे. तरुणपणी कुस्त्या केलेले. मान अशी, की वळून बघायचं तर सगळं अंग वळवायला लागायचं. चारीवर त्यांचा शब्द चालायचा. पाण्याला फुगवटा यावा म्हणून चारीत मातीनं भरलेली पोती आडवी टाकून ठेवायचे आणि खालचं कुणी विचारायला आलं, की म्हणायचे, “पाणी काय मी पितो का? ती चारीच खाली फाटकी हाये. वाटंत जिरतं सगळं.” हे ते इतक्या वर्षांपासून आणि इतक्या मनापासून म्हणत आले होते, की त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

आमच्याकडे पिकाला तहान लागली का हे बघायची रीतच नव्हती. चारीला पाणी आलं का, एवढंच बघायचं. आलं, की द्यायचं. गहू निसवला की द्यायचं, दाणा भरला की द्यायचं, पिवळा पडायला लागला तरी द्यायचं. मग फाल्गुनातलं वारं सुटलं की आमचा गहू गादीसारखा लोळायचा आणि तात्या वाऱ्याला शिव्या घालायचे.

आणि दर माघात तळवाडीहून एक माणूस सायकलवर यायचा. लहानू आबा वाकचौरे. अंगानं काडी, आवाज असा की दोनदा विचारावं लागे. ओट्याच्या कडेला बसून ते म्हणायचे, “तात्या, एक पाणी. फक्त एक. दाणा चिकात हाये.”

“अहो आबा, सोडतो की. पण जिरतं ना वाटंत.”

“व्हय, जिरतं,” असं म्हणून आबा चहा प्यायचे आणि सायकलला टांग मारून परत जायचे. मी लहानपणापासून हे बघत आले होते. आबा कधी चिडले नाहीत, कधी भांडले नाहीत.

त्यामुळं एका दिवाळीनंतर आबा आले, तेव्हा तात्यांनी बसायच्या आधीच सांगितलं, “औंदा लई लवकर आलात? आवर्तनाला अजून टाइम हाये.”

“पाणी न्हाई, तात्या,” आबा म्हणाले. “पोरगी मागायला आलो.”

तात्यांना दोनदा विचारावं लागलं.

मुलगा वाईट नव्हता. तळवाडीत शेती करायचा आणि पंचक्रोशीतल्या विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा. आमच्या दोन मोटारी त्याच्याच हातच्या चालू होत्या. बघायचा कार्यक्रम ठरला. मी पोह्यांच्या बशा घेऊन गेले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, शिक्षण किती, या सगळ्याची उत्तरं आईनं माझ्याकडून घोकून घेतली होती. आबांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

“बाळ, तुमच्या गव्हाला शेवटचं पाणी कधी देता?”

मी गोंधळले. “चारीला येईल तेव्हा.”

“दारं कोण धरतं?”

“गडी. पण त्या दिवशी सगळे पुरुष शेतातच असतात. तात्या, काका, पाटील, सगळे. घरी जेवायलासुद्धा येत नाहीत, आम्ही भाकरी घेऊन जातो.”

“बरं, बरं,” आबा म्हणाले. पोहे संपवले आणि दुसऱ्याच दिवशी होकार कळवला.

मग एकेक निरोप यायला लागले आणि तात्या फुलत गेले. लग्न मुलाच्या दारी, सगळं आम्ही करतो, तुम्ही फक्त या. अख्ख्या वरखेडला चूलबंद आमंत्रण. म्हणजे त्या दिवशी गावात कुणी चूल पेटवायची नाही. म्हातारेकोतारे, लेकरंबाळं, गडी-माणसं, सगळ्यांनी जेवायला तळवाडीला यायचं. न्यायला ट्रॅक्टर आम्ही पाठवतो. एवढा मान वरखेडला कुणीच दिला नव्हता. “माणूस बारीक हाये, पण दानत मोठी हाये,” तात्या चावडीवर सांगत सुटले.

तारीख मात्र ठरता ठरेना. गुरुजींनी काढलेला प्रत्येक मुहूर्त आबा नाकारायचे. शेवटी माघ संपतानाचा, भर दुपारचा एक मुहूर्त त्यांनी पसंत केला.

“एवढ्या उन्हात?” तात्यांनी विचारलं.

“पोराच्या पत्रिकेला तोच मानवतोय,” आबा म्हणाले.

पुढं त्याच दिवसांत आवर्तन सुटणार असं कळलं, तेव्हा काका जरा चुळबुळले. तात्यांनी त्यांना गप्प केलं. “एक दिवस पाणी वाफ्यात पडत राहिलं तर काय बिघडतं? दारं उघडी ठेवून चला. आपलं पाणी कुठं पळून जातंय?” राखणीला म्हणून आमचा जुना गडी शिवराम तेवढा मागं ठेवला.

तर अशी मी उभी होते, तळवाडीच्या मांडवात. उभी म्हणजे उंचावर, कारण स्टेज म्हणून दोन ट्रॉल्या एकमेकींना जोडून वर सतरंजी आणि दोन लाल खुर्च्या टाकल्या होत्या. मांडव तिन्ही बाजूंनी मोकळा होता. फक्त चारीच्या बाजूला, पार माणसाच्या डोक्यावर जाईल अशी कनात बांधली होती. मला वाटलं, बायकांच्या आडोशाला असेल. पण बायका बसल्या होत्या दुसऱ्या बाजूला.

स्टेजवरून मात्र कनातीच्या वरून पलीकडचं दिसायचं. कोरडी ठणठणीत चारी, आणि तिच्यापुढं गव्हाचं रान. आमच्यासारखं दाट नव्हे. गुडघ्याला लागेल इतकं, निळसर, पानं सुतळीसारखी वळलेली. निवृत्ती तिकडंच बघत होते. लग्न लागल्यावर जरा थांबतील म्हणून मी वाट पाहिली, पण नाही. फोटोवाला ओरडायचा, “नवरदेव, इकडं!” ते इकडं बघायचे, चाप दाबला जायचा, की परत तिकडं. आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत ते माझ्याकडं बघत नाहीत.

“काही हरवलंय का?” शेवटी मी धीर करून विचारलं. नवऱ्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

“न्हाई, न्हाई,” ते दचकून म्हणाले. “यायचंय.”

“कोण यायचंय?”

ते परत कनातीवरून पलीकडं बघायला लागले. तिरळा परवडला, असं वाटून गेलं.

खाली सत्कार सुरू झाले होते. असे सत्कार मी आयुष्यात परत पाहिले नाहीत. भोंग्यावर शाळेतले गुरुजी एकेकाचं नाव पुकारत होते. “वरखेडचे प्रगतशील बागायतदार श्रीमान सर्जेराव तात्या ढोकणे यांचा फेटा बांधून, शाल, श्रीफळ देऊन...” पहिले तात्या, मग काका, मग पाटील. इथवर ठीक होतं. पण मग ज्याचं म्हणून चारीवर दार होतं, त्या प्रत्येकाचं नाव आलं. फेटे बांधायला तळवाडीतला सगळ्यात म्हातारा माणूस बसवला होता. त्याचे हात कापायचे. एक फेटा बांधून होईपर्यंत गुरुजींची स्तुती संपायची आणि ते परत पहिल्यापासून सुरू करायचे. आमच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर दामू, ज्याला घरीसुद्धा कुणी ‘अहो’ म्हणत नव्हतं, त्याचाही सत्कार झाला. तो रडला.

मग पंगती बसल्या. बुंदी, वांग्याची भाजी, वरण-भात, वर तुपाची धार. आबा स्वतः हात जोडून पंगतीतून फिरत होते. “अजून घ्या. तात्या, एवढ्यात न्हाई उठायचं. व्याह्याचा मान हाये.” तात्यांनी ‘नको’ म्हणायला पानावर हात आडवा धरला की आबा डोळ्यांत पाणी आणायचे. हेडची सगळी ताकदवान माणसं भर उन्हात बुंदीनं जायबंदी होऊन एकेक करून मांडवात लवंडायला लागली. कुणाचा फेटा नाकावर, कुणाची शाल उशाला.

तेवढ्यात पाटकरी उस्मानभाई आले. पाटकरी म्हणजे चारीची दारं उघडायला-लावायला नेमलेला सरकारी माणूस. बिचाऱ्यांना वरखेडमध्ये कुणी दाराला हात लावू देत नसे, त्यामुळं त्यांचं काम नुसतं सायकलवरून चारीकडेनं फिरणं एवढंच उरलं होतं. लेंगा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. त्यांनी मांडवाच्या तोंडाशी उभं राहून दार फिरवायची लोखंडी चावी हवेत उंच धरली. आबांनी लांबूनच टोपी नीट केली. बस. उस्मानभाई हात धुऊन पंगतीला बसले. मला वाटलं, जेवायला उशीर झाला म्हणून आल्याची वर्दी दिली असेल.

मग किती वेळ गेला कुणास ठाऊक. उन्हं कलायला लागली होती. आणि एकाएकी निवृत्तींनी माझा हात धरला. सगळ्यांच्या देखत.

“आलं!” ते म्हणाले. आणि पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे सरळ होते. चांगले होते.

मी कनातीवरून पाहिलं. कोरड्या चारीत, वरच्या वळणापाशी, काहीतरी तपकिरी सरपटत येत होतं. पुढं फेसाची झालर, तिच्यावर वाळकी पानं, काटक्या, एक फाटकी चप्पल, आणि मुंग्यांची पळापळ. भेगांत शिरताना ते फस्सकन आवाज करायचं, जरा थांबायचं, भरायचं आणि पुढं यायचं. मागून एक पोतं गडगडत आलं. अर्ध्याहून जास्त माती धुऊन गेलेलं. वळणावर अडकून ते उलटं झालं, आणि त्याच्यावरची तांबड्या रंगातली अक्षरं मला स्टेजवरून वाचता आली: स. ढो. आमच्या घरची सगळी पोती अशी रंगवलेली असायची. दर सुगीला कुंचला घेऊन ती मीच रंगवायचे.

“पाणी?” मी म्हणाले.

“पाणी.”

“आमचं?”

“नियमानं आमचं. वरून इथवर यायला अर्धा दिवस लागतो. तेवढा वेळ वर कुणी आडवं न येता चालू राह्यला पाहिजे, बस. आज तिथं एका गड्याबिगर कुणी न्हाई, म्हणून उस्मानभाईंना दारं लावता आली.” ते भराभर बोलत होते. “एकच पाणी पाहिजे होतं. हलकं. दाणा चिकात हाये, अजून चार दिवस ताण बसला तर चिमून जाईल.”

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. चूलबंद आमंत्रण. पत्रिकेला मानवणारा मुहूर्त. कापऱ्या हातांचा फेटेवाला.

“म्हणजे माझं लग्न गव्हासाठी?” माझा आवाज चढला. खाली दोन-तीन माना वळल्या.

“तारीख गव्हासाठी,” निवृत्ती कसनुसे होऊन म्हणाले. “पोरगी न्हाई. तुमची जळालेली मोटार भरायला आलो होतो, तेव्हाच मी घरी सांगितलं होतं, करीन तर ढोकण्यांची. त्याच्यावर आबांनी हिशोब जुळवला.”

मला रागही आला होता आणि बरंही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम चेहऱ्यावर दाखवायचं मला जमेना. तेवढ्यात कनातीपलीकडं हालचाल झाली. तळवाडीच्या बायका एकेक करून पंगतीतून उठून चारीवर आल्या होत्या. लग्नातलंच तबक कुणीतरी उचललं होतं. त्या पाण्याला हळदीकुंकू वाहत होत्या. कुणी काही बोलत नव्हतं. माझी सासू पुढं आली. नवीकोरी हिरवी पैठणी होती अंगावर. तिनं ती गुडघ्याच्या वर खोचली, बांधाआड लपवून ठेवलेलं फावडं काढलं आणि पहिलं दार फोडलं. पाणी वाफ्यात शिरलं. ती नुसती उभी राहिली, पदर तोंडाशी धरून.

निवृत्तींचे पाय खुर्चीखाली चुळबुळत होते.

“जा ना मग,” मी म्हणाले.

“आत्ता? मुंडावळ्या बांधलेल्या हायेत.”

“त्या भिजत नाहीत. जा.”

ते मागच्या बाजूनं ट्रॉलीवरून उडी मारून गेले. मी एकटीच लाल खुर्चीवर बसून राहिले.

आणि त्याच वेळी मांडवात शिवराम शिरला. आमचा राखणीचा गडी. वाफ्यातलं पाणी आटल्यावरच दारं लागल्याचं त्याच्या ध्यानात आलं असावं. सायकल हाणून हाणून त्याला बोलता येत नव्हतं. तो तात्यांच्या कानाशी वाकला. मला इथून फक्त तात्यांची मान दिसत होती. ती लाल झाली. मग ते उठून उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर काका उठले, पाटील उठले, लवंडलेले सगळे फेटे डोकी सावरत एकामागून एक उठले.

“दामू, ट्रॅक्टर काढ,” तात्या म्हणाले.

मला हिशोब कळत होता. ट्रॅक्टर थोड्याच वेळात वरखेडला पोहोचला असता. वर दारं उघडली की मागचं पाणी तुटलं असतं, आणि इथं एक-दोन वाफे भिजून चारी परत कोरडी. आबा हात जोडून तात्यांच्या पुढं उभे होते. त्यांचा आवाज तर कुणालाच ऐकू येत नव्हता.

“व्याही, पोरीचा निरोप तरी घ्या,” शेवटी ते जरा मोठ्यानं म्हणाले.

तात्या थबकले. हे मात्र कुणालाही टाळता येण्यासारखं नव्हतं. ते धाडधाड ट्रॉलीवर चढले. “येतो गं इंदे. नीट राहा,” त्यांनी घाईघाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वळले.

मी त्यांच्या गळ्यात पडले आणि हंबरडा फोडला.

मी रडणाऱ्यातली नव्हते. आईनं तीन आठवडे मला समजावलं होतं, की पाठवणीला थोडं तरी रडावं, लोकं नावं ठेवतात. मी म्हटलं होतं, बघू. आता मात्र मी असा सूर लावला, की वाजंत्रीवालेसुद्धा सावरून बसले. “तात्या, मला सोडून जाऊ नका हो! तात्या, मला कुणी नाही हो!” सगुणा मावशीनं तिकडं पदर डोळ्याला लावला. “बघितलं? पोरीला कळलं वाटतं,” असं ती आईला म्हणाल्याचं मला नंतर समजलं.

“अगं, येतो की परवा न्यायला,” तात्या कावरेबावरे होऊन म्हणाले. त्यांनी माझे हात सोडवायचा प्रयत्न केला. पण मी पैलवानाची पोर होते. पकड कशी धरायची हे त्यांनीच शिकवलं होतं. त्यांची पाठ चारीकडं राहील अशा बेतानं मी त्यांना धरून ठेवलं. ते डावीकडं वळले की मी डावीकडं जायचे, ते उजवीकडं, की मी उजवीकडं. ट्रॉली करकरायला लागली.

“तात्या, चला, उशीर होतोय!” खालून काका ओरडले.

“जाऊ नका हो!” मी सूर आणखी चढवला.

पण रडण्याचं एक असतं. सुरू आपण करतो, बंद होणं आपल्या हातात नसतं. त्यांच्या सदऱ्याला तंबाखूचा आणि ओल्या मातीचा तो घरचा वास येत होता. परवापासून हा वास पाहुणा होणार, असं मनात आलं आणि माझा आवाजच गेला. नुसते हुंदके. मी पकड विसरले. तात्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनीही सोडवायचं सोडलं. मला जवळ ओढलं, आणि त्या ओढण्यात आम्ही अर्धे फिरलो.

आता कनातीपलीकडचं सगळं त्यांच्यासमोर होतं.

पलीकडं काय दिसत होतं ते मला माहीत होतं. त्यांची विहीण पैठणी खोचून वाफ्यात उभी, जावई मुंडावळ्या मागं टाकून, धोतर वर बांधून दुसरं दार फोडतोय, नव्या कपड्यांतलं सगळं तळवाडीचं वऱ्हाड फावडी घेऊन बांधाबांधानं पळतंय, आणि पाणी. जे वाटेत जिरत होतं ते पाणी.

“आलं की गं इथवर,” तात्या हळूच म्हणाले. इतक्या आश्चर्यानं, की मला हसू येईल असं वाटलं.

“हो,” मी त्यांच्या खांद्यात म्हणाले.

“तात्या! निघायचं का?” खालून पाटलांची हाक. मी मान जराशी वळवून पाहिलं. हेडचे सगळे फेटे वर तोंड करून उभे होते. तात्या जे म्हणतील ते करायचं, एवढंच त्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं.

तात्या चारीकडंच बघत राहिले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, “वाफे लहान हायेत. उन्हं उतरेपर्यंत होईल सगळं भिजून.”

“होईल.”

“तेच गहू खायचेत तुला आता?”

“तेच.”

खाली ट्रॅक्टर चालू झाल्याचा आवाज आला.

“इंदे,” तात्या म्हणाले, “थांबू नको. रड अजून थोडं. ही माणसं बघतायत.”

मी रडले. आता मला हसू फुटत होतं, पण लांबून हसणाऱ्याचे आणि रडणाऱ्याचे खांदे सारखेच हलतात. तात्यांनी एका हातानं मला धरलं आणि दुसऱ्या हातानं खाली खूण केली. “दामू, बंद कर रे ते! पोर सोडंना मला. माणसानं जावं तरी कसं? बसा सगळे. व्याही, चहा टाका!”

चहा झाला. त्याच्यावर भजी झाली. निवृत्ती मांडीपर्यंत चिखलात माखून पाया पडायला आले, तेव्हा तात्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “जावईबापू, शेवटच्या वाफ्याची मेर कच्ची हाये. फुटल. जा, आधी ती बांधा,” एवढंच म्हणाले. उन्हं उतरल्यावर वरखेडची मंडळी ट्रॅक्टरमध्ये बसली. लहानू आबा प्रत्येकाला हात जोडत होते. उस्मानभाईंनी डब्यात बुंदी बांधून घेतली होती.

त्या वर्षी आमच्या, म्हणजे सासरच्या, गव्हाचा दाणा टपोरा भरला. माहेरच्या गव्हाला त्या दिवसाचं पाणी मिळालं नाही. तो फाल्गुनातल्या वाऱ्यात न लोळता उभाच्या उभा कापला गेला. तात्यांनी गावात सांगितलं, की बियाणं बदललंय.

पुढच्या माघात आवर्तन सुटायच्या आधी चारीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांची बैठक आमच्या तळवाडीच्या अंगणात बसली. मी दाराआड अडीच महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन ऐकत होते. पाणी आधी कुणाला, हा विषय निघाला आणि हेडची माणसं नेहमीप्रमाणं तात्यांच्या तोंडाकडं बघायला लागली. तात्यांनी घसा साफ केला.

“टेलपासून सुरू करा,” ते म्हणाले.

पाटलांनी विचारलं, “असं का म्हणता, तात्या? पोरीसाठी?”

“पोरीचा काय संबंध?” तात्यांचा आवाज चढला. “जरा व्याह्याचा इचार करा. एका पाण्यासाठी त्या गरीब माणसानं दरसाल अख्खं वरखेड जेवू घालायचं का?”

लहानू आबा काहीतरी म्हणाले. ते काय म्हणाले, हे तात्यांना दोनदा विचारावं लागलं.

“नातीचं जावळ हाये,” आबा म्हणाले. “जेवायला तर यावंच लागंल.”